आरशांची साखळी आणि ताऱ्याचा प्रकाश

एकमेकींपासून दूर उभ्या असलेल्या दुर्बिणींनी गोळा केलेला एकाच ताऱ्याचा प्रकाश एका जागी आणला, तर प्रकाशलहरी परस्परांत मिसळून उजळ आणि काळे पट्टे उमटतात. या घटनेला व्यतिकरण आणि तिच्या आधारे वेध घेणाऱ्या यंत्राला व्यतिकरणमापी म्हणतात. बारीक तपशील टिपण्याची त्याची क्षमता दुर्बिणींच्या व्यासापेक्षा त्यांच्यातील अंतरावर ठरते. नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटीत 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांचे रेडिओ संकेत विद्युतरूपात नोंदवून नंतर जुळवता येतात. दृश्य प्रकाशाच्या लहरींची कंपने मात्र इतकी जलद असतात की ती सोय तेथे उरत नाही, आणि प्रत्यक्ष प्रकाशच आरशांवरून परावर्तित करत प्रयोगशाळेपर्यंत न्यावा लागतो.

अडचणीचे मूळ या प्रवासात आहे. आरसा जितका वळतो त्याच्या दुप्पट कोनातून परावर्तित किरण वळतो. त्यामुळे एखादा आरसा केवळ एक विकला, म्हणजे अंशाचा 3600वा भाग, कलला तरी 200 मीटरवर किरण सुमारे 2 मिलिमीटर सरकतो. मार्गात असे अनेक आरसे असतात, आणि रात्री तापमान उतरू लागले की त्यांना धरून ठेवणारे धातूचे आधार आकसतात. संध्याकाळी अचूक बसवलेली मांडणी मध्यरात्री तशीच राहील, असे गृहीत धरता येत नाही.

म्हणून स्वयंचलित संरेखनाची, म्हणजे आरसे आपोआप एका मार्गावर आणण्याची, व्यवस्था केली जाते. ताऱ्याच्या प्रकाशाच्याच वाटेने संदर्भ म्हणून एक कृत्रिम किरणशलाका सोडतात आणि कॅमेऱ्याने तिच्यातील दोन दोष वेगवेगळे मोजतात: शलाका कोणत्या दिशेला कलली आहे आणि ती बाजूला किती सरकली आहे. एकच आरसा वळवून हे दोन्ही दोष एकदम दूर होत नाहीत, कारण दिशा सुधारली की जागाही बदलते. परस्परांपासून दूर ठेवलेले दोन आरसे एकत्रितपणे वळवावे लागतात. कोणती मोटर किती फिरवली असता शलाका किती हलते, याचा तक्ता आधीच मोजून ठेवलेला असल्याने संगणक उलट हिशेब करून दुरुस्ती करतो आणि पुन्हा मोजणी करतो. न्यू मेक्सिकोतील मॅग्डालेना रिज येथे 1.4 मीटर व्यासाच्या 10 दुर्बिणींची योजना आखताना केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेने अशी स्वतंत्र व्यवस्थाच विकसित केली. दुर्बिणींची संख्या वाढली की हाताने जुळवणी करणे निव्वळ कष्टाचे नव्हे, तर अव्यवहार्य होते. वेधाची रात्र त्यातच खर्ची पडते.

अर्थात संरेखन झाले म्हणजे पट्टे मिळाले, असे नाही. दोन दुर्बिणींपासून येणाऱ्या प्रकाशाच्या मार्गांची लांबीही समान लागते आणि पृथ्वी फिरत असल्याने ती सतत बदलते, म्हणून रुळांवरील गाड्यांवर बसवलेले आरसे सरकवत हा फरक भरून काढावा लागतो. ते काम वेगळ्या यंत्रणेकडे असते.

कॅलिफोर्नियातील माउंट विल्सनवर 1920 मध्ये मायकेलसन आणि पीझ यांनी सुमारे 6 मीटर लांबीच्या पोलादी तुळईवर आरसे बसवून, पट्टे डोळ्यांनी पाहत, काक्षी ताऱ्याचा कोनीय व्यास 0.047 विकला असल्याचे मोजले. त्याच डोंगरावरील चारा व्यतिकरणमापीच्या 6 दुर्बिणींपैकी सर्वांत दूरच्या दोहोंमध्ये आज सुमारे 330 मीटर अंतर आहे.