प्रवेश परीक्षेत वर, बारावीत खाली: चांगल्या कॉलेजचा रस्ता कसा काढायचा

जेईई, नीट किंवा सीईटीत उत्तम गुण आणि बारावीच्या गुणपत्रिकेत जेमतेम साठ-सत्तर टक्के, अशी मुले चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत आढळतात. निकाल लागला की घरात एकच प्रश्न असतो: आता चांगले कॉलेज मिळेल का? बहुतेक वेळा मिळते. पण कोणत्या प्रवेशाला बारावीची किती अट आहे, हे वेळेत माहीत असावे लागते. ते माहीत नसल्यामुळे दोन-चार गुणांनी जागा जाणे, हे टाळता येण्यासारखे नुकसान आहे.

असे का होते

भामरागड-एटापल्लीकडच्या अनेक मुलांची घरची भाषा माडिया किंवा गोंडी असते. सिरोंच्यात तेलुगू, तर मुलचेरा-चामोर्शीच्या काही गावांत बंगाली बोलतात. शाळा मराठीत होते आणि अकरावी विज्ञानाला पुस्तके इंग्रजीत येतात. बोर्डाच्या पेपरात उत्तर वाक्यांत मांडावे लागते, पायऱ्या लिहाव्या लागतात. प्रवेश परीक्षेत मुख्यतः पर्याय निवडायचा असतो. संकल्पना पक्की असलेले मूल तिथे पुढे जाते आणि बोर्डात मागे राहते.

भाषेचाही फरक पडतो. नीट आणि जेईई मेनची प्रश्नपत्रिका मराठीतून घेता येते. जेईई मेनला ही सोय २०२१ पासून आहे. जेईई अॅडव्हान्स्ड मात्र इंग्रजी आणि हिंदीतच होते.

दुसरे कारण शिकवणीचे. नागपूरला क्लास आणि गावाकडच्या कॉलेजात फक्त नाव, अशा टाय-अपमध्ये प्रात्यक्षिके आणि भाषा विषय मागे पडतात. त्याची किंमत गुणपत्रिकेत दिसते.

क्रमांक परीक्षेचा, पात्रता बारावीची

काही वर्षांपूर्वी नियम वेगळे होते. २०१३ ते २०१६ या काळात जेईई मेनच्या क्रमवारीत बारावीच्या गुणांना ४० टक्के वजन होते. महाराष्ट्रात २०१४ आणि २०१५ साली अभियांत्रिकीचे प्रवेश जेईई मेन आणि बारावी यांना निम्मे-निम्मे वजन देऊन झाले. आता गुणवत्ता यादीतला क्रमांक प्रवेश परीक्षेवर ठरतो आणि बारावीचे गुण पात्रतेपुरते पाहिले जातात. अट एका गुणाने ओलांडली काय आणि वीस गुणांनी ओलांडली काय, क्रमांक तोच राहतो. मात्र अट एका गुणाने हुकली, तर कितीही चांगला क्रमांक उपयोगी पडत नाही.

कुठे किती अट

- राज्याची अभियांत्रिकी कॉलेजे: १९९६ मध्ये सुरू झालेले चंद्रपूरचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय असो की पुण्याचे सीओईपी, एमएचटी-सीईटीवरून केंद्रीभूत प्रवेशाच्या कॅप फेरीत प्रवेश घेताना पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गटात ४५ टक्के लागतात. महाराष्ट्रातल्या राखीव प्रवर्गांना ४० टक्के पुरतात. म्हणजे ३०० पैकी १३५ किंवा १२० गुण.
- एमबीबीएस: नीटसोबत पीसीबी (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र) गटात खुल्या प्रवर्गाला ५० टक्के, तर अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गाला ४० टक्के. चंद्रपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि २०२४ मध्ये सुरू झालेले गडचिरोलीचे महाविद्यालय, दोन्हींना हीच अट आहे.
- आयआयटी आणि एनआयटी: बारावीत ७५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ६५ टक्के, किंवा आपल्या बोर्डाच्या त्या वर्षीच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये स्थान. नागपूरच्या व्हीएनआयटीत निम्म्या जागा महाराष्ट्रातल्या मुलांसाठी असल्याने आपल्या भागासाठी ही अट विशेष महत्त्वाची आहे.
- आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था): पुण्याच्या आयसरसह सर्व आयसरांची स्वतःची प्रवेश परीक्षा आहे. बारावीत ६० टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ५५ टक्के.
- राष्ट्रीय विधी विद्यापीठे: क्लॅटसोबत ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ४०. नागपूरचे महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ यातच येते.
- दिल्ली विद्यापीठ: २०२२ पासून पदवीचे प्रवेश सीयूईटीवर होतात. त्याआधी बारावीच्या टक्क्यांवर प्रवेश होत आणि २०२१ मध्ये काही अभ्यासक्रमांची कटऑफ १०० टक्क्यांवर गेली होती. आता बारावी उत्तीर्ण असणे पुरते. दोघांचे गुण सारखे आले तरच बारावीकडे पाहतात. या विद्यापीठासाठी सीयूईटीचे विषय मात्र बारावीत घेतलेलेच निवडावे लागतात.

७५ टक्के कसे मोजतात

सर्वांत जास्त गैरसमज इथे होतो. आपल्या बोर्डाची गुणपत्रिका सहा विषयांची, ६०० गुणांची असते. आयआयटी-एनआयटीसाठी त्यातले पाच विषय धरतात: भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, एक भाषा आणि उरलेल्यांपैकी एक विषय. दोन भाषा असतील तर जास्त गुणांची भाषा, आणि पाचवा विषयही जास्त गुणांचा.

एक काल्पनिक गुणपत्रिका घेऊ. भौतिकशास्त्र ७०, रसायनशास्त्र ६८, गणित ७२, जीवशास्त्र ८१, मराठी ८६, इंग्रजी ५८. सहा विषयांची बेरीज ४३५, म्हणजे ७२.५ टक्के. हा आकडा पाहून घरचे लोक आशा सोडतील. पण पाच विषय धरले की बेरीज ३७७ होते, म्हणजे ७५.४ टक्के. हा विद्यार्थी पात्र आहे. गुणपत्रिकेवर छापलेली टक्केवारी पाहून निर्णय घेऊ नका. आधी स्वतः बेरीज करा.

७५ टक्के होत नसतील तरी वरच्या २० पर्सेंटाइलचा पर्याय तपासावा. हा आकडा प्रत्येक बोर्डासाठी आणि प्रत्येक वर्षी वेगळा असतो.

सवलत आणि कागदपत्रे

सवलत सगळीकडे सारखी नाही. नीटला इतर मागासवर्गाची अट ४० टक्क्यांवर येते, पण आयआयटी-एनआयटीच्या ७५ टक्क्यांत त्या प्रवर्गाला सूट नाही. केंद्राच्या प्रवेशासाठी जात प्रमाणपत्र केंद्र सरकारच्या नमुन्यात लागते. इतर मागासवर्गाला चालू आर्थिक वर्षातले नॉन-क्रीमिलेअर प्रमाणपत्र लागते. राज्याच्या कॅप फेरीत जात वैधता प्रमाणपत्र मागतात. पडताळणी समितीचे काम वेळखाऊ आहे, म्हणून अकरावीतच अर्ज करावा. गुण पुरेसे असूनही कागदाअभावी जागा गेली, असे कोणत्याही मुलाच्या वाट्याला येऊ नये.

गुण खरोखर कमी पडले तर

पहिला उपाय उत्तरपत्रिकेचा. बोर्डाकडे गुणपडताळणीसाठी अर्ज करता येतो. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवून, ती मिळाल्यावर ठरलेल्या मुदतीत पुनर्मूल्यांकन मागता येते. अट दोन-तीन गुणांनी हुकली असेल तर हा खर्च जरूर करावा.

दुसरा उपाय श्रेणीसुधार योजनेचा. बारावी उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला लगतच्या तीन परीक्षांत गुण वाढवण्याची संधी मिळते. जून-जुलैच्या पुरवणी परीक्षेचा निकाल येईपर्यंत एनआयटीच्या फेऱ्या संपलेल्या किंवा संपत आलेल्या असतात. त्यामुळे ही वाट पुढच्या वर्षासाठी धरावी.

ड्रॉप घेणाऱ्यांनी एक नियम लक्षात ठेवावा. जेईई अॅडव्हान्स्ड सलग दोन वर्षांत दोनदाच देता येते आणि बारावीची पहिली परीक्षा त्याच किंवा आदल्या वर्षी दिलेली असावी लागते. जेईई मेनला मुदत थोडी सैल आहे: बारावीचे वर्ष आणि पुढची दोन वर्षे.

परदेशी अर्ज करायचा असेल तर

अमेरिकेतली विद्यापीठे नववी ते बारावी अशा चारही वर्षांचे गुण पाहतात. एमआयटीने २०२२ मध्ये एसएटीसारखी परीक्षा पुन्हा सक्तीची केली, पण परीक्षेचे गुण शाळेच्या कामगिरीची जागा घेत नाहीत. तिथल्या अर्जात घरची परिस्थिती, आजारपण, शाळेतल्या उणिवा लिहायला जागा असते आणि शिक्षकांची पत्रे वाचली जातात. आपल्याकडच्या प्रवेश प्रक्रियेत अशी जागा नाही. गुण का कमी पडले, हे कोणी विचारत नाही. म्हणून जे करायचे ते परीक्षेआधीच.

अकरावीपासून काय करावे

बोर्डाच्या भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्राला प्रत्येकी ३० गुण प्रात्यक्षिकांचे असतात, गणिताला २० आणि भाषेला तोंडीचे २०. वर मोजलेल्या पाच विषयांत हे १३० गुण होतात. प्रयोगवही पूर्ण ठेवणे आणि प्रात्यक्षिकांना हजर राहणे एवढ्यानेही मोठा आधार मिळतो. मराठी हा हक्काचा विषय आहे. त्याला आठवड्यातून दोन तास दिले तरी पाच विषयांची बेरीज वर जाते. इतर मागासवर्ग, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना नागपूरच्या महाज्योती संस्थेचे मोफत ऑनलाइन प्रशिक्षण घेता येते, म्हणजे क्लाससाठी कॉलेज सोडावे लागत नाही.

कनिष्ठ महाविद्यालयांतल्या शिक्षकांना एक कळकळीची विनंती आहे. सराव परीक्षेनंतर प्रत्येक मुलाची पाच विषयांची बेरीज करा आणि त्याला सांगा, अटीपासून तू किती गुण दूर आहेस. तेव्हा परीक्षेला अजून काही आठवडे असतात आणि तेवढ्यात दहा-पंधरा गुण भरून काढता येतात. कोरची किंवा जिवतीच्या मुलाला ही माहिती सांगणारे घरी बहुधा कोणी नसते. ती शाळेतच मिळायला हवी.