मदरबोर्ड बदलला की विंडोजच्या परवान्याचे काय?

विंडोजचा परवाना संगणकाच्या हार्डवेअरशी जोडण्याची पद्धत २००१ मध्ये विंडोज एक्सपीपासून रुळली. अ‍ॅक्टिव्हेशनच्या वेळी संगणकातील सुट्या भागांवरून एक ओळख तयार होते आणि ती मायक्रोसॉफ्टकडे नोंदली जाते. रॅम वाढवली, हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली किंवा नवे ग्राफिक्स कार्ड घातले, तरी सहसा अडचण येत नाही. मदरबोर्ड बदलला की मात्र विंडोजच्या लेखी तो नवा संगणक ठरतो.

इथे परवान्याचा प्रकार निर्णायक ठरतो. संगणकाबरोबर येणारा ओईएम परवाना त्याच यंत्राला बांधलेला असतो. विंडोज ८ पासून तयार लॅपटॉपमध्ये त्याची २५ अक्षरांची की मदरबोर्डवरील चिपमध्येच साठवलेली असते. बिघडलेला बोर्ड बदलताना या नियमाला सवलत मिळते, पण हौसेने वेगवान बोर्ड बसवला तर परवाना नव्याने घ्यावा लागतो. स्वतंत्रपणे विकत घेतलेला रिटेल परवाना महाग पडतो. पण तो जुन्या यंत्रावरून काढून नव्यावर नेता येतो. दर काही वर्षांनी संगणकाची जुळणी बदलणाऱ्याने हे जास्तीचे पैसे मोजणेच शहाणपणाचे.

विंडोज १० मध्ये २०१६ पासून डिजिटल परवाना मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडता येतो. ही जोडणी बोर्ड काढण्याआधीच करावी. नंतर सेटिंग्जमधील अ‍ॅक्टिव्हेशनच्या ट्रबलशूटरमध्ये हार्डवेअर नुकतेच बदलल्याचा पर्याय निवडून जुन्या यंत्राच्या नावावर खूण केली, की हस्तांतरणयोग्य परवाना पुन्हा चालू होतो.