घेवडा निवडताना

गुरुचरित्राच्या सामुदायिक पारायणात पहिली अडचण भक्तीची नसते, पानांची असते. एकाकडे ढवळ्यांची ठळक टायपातली प्रत, दुसऱ्याकडे सासऱ्यांच्या वेळची, कडा झिजलेली सुटी पानं. कुणाच्या पोथीत ५२ अध्याय, कुणाच्या पोथीत ५३. शेजारच्या काकू तर कानडी लिपीतलं भाषांतर घेऊन बसलेल्या. अमुक पान उघडा असं इथं कुणाला म्हणताच येत नाही. म्हणून अध्यायाच्या आकड्यावर सगळे एकत्र येतात, मग ज्याच्या त्याच्या वेगानं पुढे जातात, आणि ज्याचा अध्याय आधी संपतो तो पोथीवर बोट ठेवून बाकीच्यांसाठी थांबतो.

हे बेळगावच्या कॅम्पातलं, एका जुन्या कौलारू बंगल्याच्या पडवीतलं. दत्तजयंतीच्या आधीचे सात दिवस. मार्गशीर्षातल्या थंडीत मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरकडून बिगूल ऐकू येतो, तोवर इथं समई लागलेली असते. मी वाचणाऱ्यांत नव्हते. स्वयंपाकघरात मदतीला होते, आणि पडवी व स्वयंपाकघर यांच्यामधलं दार दिवसभर उघडं असायचं.

सात दिवसांची वाटणी ठरलेली आहे. पहिल्या दिवशी नऊ अध्याय, मग २१, २९, ३५, ३८, ४३ पर्यंत, आणि सातव्या दिवशी समाप्ती. पाचव्या दिवसाला तीनच अध्याय येतात म्हणून नवखी माणसं खूश असतात. पण छत्तिसाव्यात आचारधर्म येतो, सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत काय करावं याचा, आणि तो संपता संपत नाही. सगळ्या मिळून सात हजारांहून अधिक ओव्या. वाचताना आसन सोडायचं नाही, मध्ये बोलायचं नाही, रात्री चटईवर झोपायचं, जेवण हलकं. वाचणाऱ्यांच्या रांगेसमोर एक पाट रिकामा मांडलेला असतो, तो दत्तगुरूंचा. त्याला ओलांडून कुणी जात नाही. लहान पोरंसुद्धा वळसा घालून जातात.

या न बोलण्याच्या नियमाचा एक परिणाम कुठल्याही पोथीत लिहिलेला नाही. दोन-तीन तास तोंडाला फक्त ओव्या लागलेल्या असल्या की वाचन थांबल्यावर माणसं नुसती बोलत नाहीत, सांगू लागतात. पडवीतून एकेकजण उठून आत येतो, ताट ओढतो, निवडायला बसतो. आणि कुणी विचारलेलं नसताना आपलं काहीतरी सुरू करतो.

सामुदायिक पारायणांत अनुभव सांगण्याचा एक औपचारिक कार्यक्रमही असतो. इथं तो संध्याकाळी, आरतीनंतर, माइकवर. त्याचा साचा आता पक्का झाला आहे: आजार आला, डॉक्टरांनी हात टेकले, कुणीतरी सेवा सुचवली, गुण आला. सांगणारा खोटं बोलत असतो असं मला मुळीच वाटत नाही. पण माइक हातात आला की माणूस आपल्या आयुष्यातलं जे साच्यात बसत नाही ते आपणहून गाळतो. तीच माणसं स्वयंपाकघरात बसली की गाळलेलं सगळं बाहेर येतं. मला विचाराल तर या सप्ताहाचं खरं काम तिथं चालतं.

दुसऱ्या दिवशी चौदावा अध्याय येतो. सायंदेव नावाचा एक माणूस एका यवन अधिकाऱ्याच्या चाकरीत असतो. तो अधिकारी दरवर्षी एका ब्राह्मणाचा जीव घेतो, आणि आता बोलावणं सायंदेवाला आलेलं आहे. पोथी ज्यांचं चरित्र सांगते ते गुरू नृसिंहसरस्वती त्याला म्हणतात, जा, परत येशील. तो जातो आणि वस्त्रं, मानपान घेऊन परत येतो. पुष्कळ घरांत हा अध्याय रोज वाचतात. पारायणाला बसलेले एक निवृत्त हवालदार तांदळातले खडे काढता काढता म्हणाले, "मी जम्मूकडं असताना आमच्या घरात वाटणीच होती. चौदावा तिनं वाचायचा आणि मी परत यायचं." मग जरा थांबून, "माझ्या शेजारच्या बंकवाल्याच्या घरीपण वाचत होते की." तो बंकवाला परत आला नव्हता. हे त्यांनी माइकवर कधीच सांगितलं नसतं, आणि कुणी त्यावर काही बोललंही नाही. कुणीतरी त्यांच्यापुढे आणखी तांदूळ ओतले.

या अध्यायाची खुबी अशी की तो कवीच्या घरचा आहे. गुरुचरित्र लिहिणारे सरस्वती गंगाधर हे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या कडगंचीच्या घराण्यातले. वडील गंगाधर, आजोबा देवराव, पणजोबा नागनाथ आणि खापरपणजोबा हा सायंदेव. मातृभाषा कानडी, मराठी आपल्याला नीट येत नाही, असं ते सुरुवातीलाच सांगून टाकतात आणि मग मराठीत एवढा मोठा ग्रंथ लिहितात. पोथीची मांडणीही तशीच घरगुती. नामधारक नावाचा एक गांजलेला माणूस वाटेत सिद्धाला भेटतो, सिद्ध त्याला गुरूचं चरित्र सांगत जातो, आणि चौदाव्यात आल्यावर नामधारकाला कळतं की हा मरणाच्या दारातून परत आलेला माणूस आपलाच पूर्वज. म्हणजे दुसऱ्याचं चरित्र ऐकता ऐकता आपल्या घरची गोष्ट सापडणं हे या पोथीच्या आतच घडलेलं आहे. स्वयंपाकघरातले लोक नवीन काही करत नव्हते. नामधारकाचंच काम पुढे चालवत होते.

युरोपात याच्या जवळ जाणारं एक काम गेली काही दशकं चालतं. रुडॉल्फ स्टायनरच्या विचारांवर वाढलेल्या गटांत माणसं गोल करून बसतात, आपलं आयुष्य सात-सात वर्षांच्या तुकड्यांत आठवतात, त्याची चित्रं काढतात, एकमेकांना दाखवतात. बर्नार्ड लिवेगूड या डच मनोविकारतज्ज्ञानं आयुष्याच्या या टप्प्यांवर पुस्तक लिहिलं. तिथं सात वर्षं, इथं सात दिवस, हा योगायोग मला आवडतो, पण त्याला फार ताणण्यात अर्थ नाही. फरक मोठा आहे. तिथं माणूस स्वतःबद्दल सांगायचं ठरवून येतो. कॅम्पात कुणीही त्यासाठी आलेलं नव्हतं. पोथी आडोशाला असते, हात कामात असतात, नजर ताटात असते, म्हणून जमतं.

घेवड्याचंही तसंच. अठराव्या अध्यायात, कृष्णा-पंचगंगेच्या काठावरच्या अमरापुरात, एका गरीब ब्राह्मणाच्या दारी घेवड्याचा वेल असतो. घरात दुसरं काही नसतं. गुरू भिक्षेला येतात, ती बाई घेवड्याची भाजी वाढते, आणि जाताना गुरू तो वेलच उपटून टाकतात. बाई आक्रोश करते. नवरा मूळ काढायला म्हणून खणतो तर धनानं भरलेला हंडा. म्हणून समाप्तीच्या नैवेद्याला घेवडा लागतोच. बेळगावच्या भाजी मंडईत त्या दिवसांत घेवड्याचा भाव चढतो, आणि विकणाऱ्या बायकांना कारण बरोबर माहीत असतं.

निपाणीहून लेकीकडे आलेल्या एक मावशी होत्या. शेंगेच्या दोन्ही बाजूंच्या शिरा त्या एकाच ओढीत काढायच्या. अमरापूर म्हणजे आजचं औरवाड, नरसोबावाडीच्या पलीकडचं, त्यांच्या बहिणीचं सासर त्याच बाजूला. गोष्ट त्यांना पोथीआधीपासून पाठ. त्या म्हणाल्या, "वेल उपटला तवा ती बाई रडली का न्हाई? रडलीच की. हंडा मागनं घावला. आमचा वेल उपटला, हंडा काय घावला न्हाई." आणि मग त्यांनी आपलं आयुष्य सांगितलं, दोन दुपारी, तुकड्या-तुकड्यांनी. तंबाखूच्या वखारीत चाळणीवर काम. नाकातोंडात धूळ, पदर बांधला तरी घशात उतरायची. नवरा गेला ते साल त्यांना आकड्यात आठवत नव्हता. "आंदोलनाच्या दुसऱ्या वर्षी" म्हणाल्या. निपाणीत आंदोलन म्हटलं की १९८१. शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या शेतकऱ्यांनी पुणे-बेंगळूर महामार्ग अडवला होता आणि शेवटी गोळीबार झाला, माणसं मेली. हवालदार आपलं वय पोस्टिंगांवरून मोजतात, मावशी त्या आंदोलनावरून. ऐकणाऱ्या बायका मध्येमध्ये त्यांना दुरुस्तही करत होत्या: "तवा थोरली बारकी होती म्हणालासा की काल." सांगणाऱ्याची गोष्ट ऐकणारे सांभाळून ठेवतात, दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे सुरू करायला लावतात.

चौथा दिवस अवघड गेला. बायकांनी गुरुचरित्र वाचू नये असं सांगणारी परंपरा अजून आहे. तरी अलीकडे स्वामी समर्थांच्या केंद्रांतून बायका शेकड्यांनी पारायणाला बसतात आणि या पडवीतही निम्म्याहून अधिक त्याच होत्या. त्या दिवशीच्या वाटणीत एकतिसावा-बत्तिसावा येतो. पतिव्रतेचे नियम, विधवेचे नियम, सहगमनाची थोरवी. एका विधवेनं आणि तिच्या शेजारी बसलेल्या पदवीधर सुनेनं ते एका सुरात वाचणं ऐकताना मला उठून जावंसं वाटत होतं. सोळाव्या शतकातल्या ग्रंथात ते असणारच, हे उत्तर मला पुरत नाही. दुपारी मी मावशींना विचारलं. "वाचलं. ओवी सोडली न्हाई," त्या म्हणाल्या. "पटलं न्हाई. गुरुमाउली काय सगळंच पटवून घ्या म्हणत न्हाई." सून काही बोलली नाही. तिनं संध्याकाळी माइकवर यायलाही नकार दिला.

संध्याकाळ मात्र हलकी असायची. आरती झाली की पेटी बाहेर यायची आणि पंतांची पदं सुरू व्हायची. बाळेकुंद्रीचे पंत महाराज, म्हणजे दत्तात्रेय रामचंद्र कुलकर्णी, १८५५ ते १९०५. बेळगावात लंडन मिशनच्या शाळेत मास्तर, संसारी माणूस, आणि 'दत्तप्रेमलहरी'तल्या पदांचे कर्ते. त्यांच्या पुण्यतिथीला समादेवी गल्लीतल्या पंतवाड्यातून प्रेमध्वज निघतो आणि बाळेकुंद्रीपर्यंत जातो. या पदांना चाली ठरलेल्या असल्या तरी प्रत्येक घराची वळणं वेगळी, त्यामुळे दुसऱ्या कडव्यापर्यंत निम्मे लोक एकीकडे, निम्मे दुसरीकडे. मग कुणीतरी माघार घेतो. बहुतेक वेळा कानडी पोथीवाल्या काकू जिंकायच्या, कारण त्यांचा आवाज सगळ्यांत मोठा होता आणि त्यांना आपली चाल चुकते आहे असं कधीच वाटत नसे. सुरात गाणाऱ्या मंडळापेक्षा हे ऐकायला मला जास्त बरं वाटलं. एकमेकांसाठी थांबायचं कसं, हे पोथीवर बोट ठेवून शिकलेलं असावं.

सातव्या दिवसाच्या वाटणीत एक जुना धागा परत वर येतो. पहिल्या दिवशी, नवव्या अध्यायात, कुरवपुरात एक परीट नृसिंहसरस्वतींच्या आधीचे दत्तावतार श्रीपाद श्रीवल्लभ यांना रोज नमस्कार करत असतो. एकदा नदीतून राजाची नाव जाते, तो ते वैभव बघत राहतो, आणि गुरू त्याच्या मनातलं ओळखून त्याला राज्य देऊ करतात. तो पुढच्या जन्मी यवन राजा होतो, आणि पन्नासाव्यात, मांडीला फोड घेऊन, नृसिंहसरस्वतींपुढे येतो तेव्हा त्याला मागचं सगळं आठवतं. आठवडाभर मध्ये त्या परटाचं नावही नसतं. रोज वाचणाऱ्यालाच हा सांधा जाणवतो. एखाद-दुसरा अध्याय चाळणाऱ्याला नाही.

वाचणाऱ्यांत कॅम्पातले एक लॉन्ड्रीवाले होते. तीन पिढ्यांची लॉन्ड्री. आजोबांनी गोऱ्या साहेबांचे युनिफॉर्म धुतले, वडिलांनी आपल्या साहेबांचे. नैवेद्य दाखवून पंगत बसली तेव्हा घेवड्याची भाजी पानात घेत ते म्हणाले, "आमच्या परटाला राजा व्हायला मरावं लागलं की वो. बामणाला हंडा त्याच दिवशी मिळाला."

हवालदार म्हणाले, "असं कसं? गुरूंनी विचारलं होतं त्याला, ह्या जन्मी पायजे की पुढच्या. म्हातारा झालोय, पुढच्या जन्मी द्या, असं तोच म्हणाला."

"म्हातारा होईस्तोवर विचारलं न्हाई, ते?"

वाढणारी सून तिथंच थांबली आणि सात दिवसांत पहिल्यांदा सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. बत्तिसाव्यातल्या बाईला तर कुणी विचारलंच नव्हतं, ना ह्या जन्मी ना पुढच्या, ती म्हणाली. मावशींनी मान वर न करता "व्हय की" म्हटलं. कानडी काकूंनी आपल्या पोथीत ते कसं दिलंय ते सांगायला सुरुवात केली, हवालदारांनी त्यांना मध्येच तोडलं, आणि भाताचं दुसरं वाढप येईपर्यंत वाद परटावरून सासूपर्यंत गेला होता.