उत्तर ०.११ आलं, म्हणून प्रयोग बरोबर?

राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानात ‘उष्णता’ या प्रकरणात एक कोष्टक आहे. त्यात पाण्याची विशिष्ट उष्माधारकता १ आणि लोखंडाची ०.११ दिलेली आहे, एकक कॅलरी प्रति ग्रॅम प्रति अंश सेल्सिअस. तापवलेला धातू पाण्यात टाकून प्रयोग करायचा, गणित मांडायचं आणि उत्तर या आकड्याशी जुळवून पाहायचं, हा शाळेतला रिवाज. जुळलं तर प्रयोग जमला, नाही जुळलं तर फसला, असा पक्का समज त्यातून रुजतो. धातूंच्या उष्णतेबद्दल बरेच गैरसमज आहेत, पण सगळ्यांत जास्त नुकसान करतो तो हाच. गोंदिया, आमगाव किंवा देवरीच्या एखाद्या शाळेत साध्या तापमापीवर हा प्रयोग केला, तर त्यातून नेमकं काय कळू शकतं आणि काय कळू शकत नाही, हे आकडे मांडून तपासता येतं.

आधी हाताला होणारा भास बाजूला सारू. शाळेतल्या बाकाची चौकट लोखंडी असते, फळी लाकडी. डिसेंबरच्या सकाळी चौकट बर्फासारखी लागते आणि फळी तेवढी लागत नाही. एप्रिलच्या दुपारी वर्गातला पारा चाळिशीपार गेला की तीच चौकट चटका देते. दोन्ही वेळा चौकट आणि फळी यांचं तापमान जवळजवळ सारखंच असतं. लोखंड आपल्या हातातली उष्णता भराभर ओढून घेतं, नाहीतर हाताला भराभर देतं, इतकाच फरक. हा गुण वहनाचा आहे, साठवणीचा नाही. तांबं लोखंडापेक्षा सुमारे पाचपट चांगलं उष्णतावाहक आहे, पण एक ग्रॅम तांब्यात एका अंशाला मावणारी उष्णता लोखंडापेक्षा थोडी कमीच भरते, ०.०९३. म्हणजे ‘लवकर तापतं’ यावरून ‘जास्त उष्णता धरतं’ असा निष्कर्ष काढता येत नाही.

पुस्तकात मेणावरच्या गोळ्यांची कृतीही आहे. लोखंड, तांबं आणि शिसं यांचे सारख्या वस्तुमानाचे गोळे उकळत्या पाण्यात तापवून मेणाच्या थरावर ठेवायचे. लोखंडाचा गोळा सर्वांत खोल रुततो, शिशाचा सर्वांत कमी. कृती सुरेख आहे, पण तिच्यावरून ‘खोली म्हणजेच उष्माधारकता’ असं कोणी धरलं तर फसगत होते. वस्तुमान सारखं असलं तरी शिशाचा गोळा आकारानं लहान असतो, तांब्याचाही लोखंडाच्या गोळ्यापेक्षा किंचित लहानच. लहान गोळ्याला वितळवायला मेणही कमी लागतं. ढोबळ हिशेब केला तर लोखंड आणि तांबं यांच्या खोलीत आठ-नऊ टक्क्यांहून जास्त फरक निघत नाही. शिसं मागे पडतं हे डोळ्यांना स्वच्छ दिसेल. तांबं आणि लोखंड यांच्यात पहिलं कोण, हे मेणावरून ठामपणे सांगणं धाडसाचं आहे.

आता मिश्रणाची पद्धत. १०० ग्रॅम लोखंड ९९ अंशांपर्यंत तापवलं आणि २५ अंशांच्या १०० ग्रॅम पाण्यात टाकलं. पुष्कळ विद्यार्थी मधला आकडा, ६२ अंश, अपेक्षित धरतात. प्रत्यक्षात पाणी ३२.३ अंशांवर थांबतं, म्हणजे वाढ ७.३ अंशांची. तांबं असेल तर वाढ ६.३, ॲल्युमिनियमला जवळपास १३, शिशाला २.२. शाळेतल्या नेहमीच्या तापमापीवर एकेका अंशाच्या रेघा असतात. वाचनात अर्ध्या अंशाची चूक धरली तर सुरुवातीचं आणि शेवटचं वाचन मिळून एक अंश इकडेतिकडे होतो. मग लोखंडाचं प्रामाणिक उत्तर ‘०.०९ ते ०.१३’ असं येतं आणि त्या पट्ट्यात तांबंही बसतं! अशा मांडणीत कोणी नेमकं ०.११ लिहिलं असेल, तर तो आकडा तापमापीनं दिलेला नाही. धातू दुप्पट घेतला, म्हणजे २०० ग्रॅम, तर लोखंड आणि तांबं यांच्यातलं अंतर एका अंशावरून पावणेदोन अंशांच्या आसपास जातं. महागड्या उपकरणापेक्षा हा बदल अधिक कामाचा.

खरी गंमत पुढे आहे. नमुना म्हणून किराणा दुकानातलं लोखंडी माप सोयीचं वाटतं, कारण वजन त्यावर कोरलेलंच असतं. पण त्या मापाच्या खाचेत शिसं भरून त्यावर पडताळणीचा शिक्का मारलेला असतो, म्हणजे ते निखळ लोखंड नव्हे, आणि अशा खाचाखोचांत पाणी अडकतं. उकळत्या पाण्यातून काढताना मापासोबत एकच ग्रॅम पाणी आलं, तर ते नऊ ग्रॅम लोखंडाइतकी उष्णता घेऊन येतं. उत्तर नऊ टक्क्यांनी फुगलं. शिशाच्या बाबतीत हीच चूक तीस टक्क्यांच्या वर जाते. उलट बाजूला, ५०-६० ग्रॅमचा तांब्याचा कॅलरीमापी स्वतः थोडी उष्णता पितो. ती हिशेबात धरली नाही तर उत्तर सुमारे पाच टक्क्यांनी घटतं. माप हवेतून नेताना दोन अंश निवलं, तर आणखी तीन टक्के गेले. बेरीज करून पाहा: नऊ वाढले, आठ घटले. तीन चुका झाल्या आणि उत्तर आलं जवळजवळ बरोबर ०.११. शेजारच्या टेबलावर कोणी मापाचा ओलावा नीट टिपून घेतला, म्हणजे त्याच्या हातून एक चूक कमी झाली, तर त्याचं उत्तर ०.१० येईल आणि लाल शेरा त्याच्याच वहीवर पडेल.

यावर कोणी म्हणेल, मग पाणी १०० अंशांना उकळतं असं धरणंही चूकच. गोंदिया समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंचीवर आहे. तिथं पाणी ९९ अंशांच्या आसपास उकळतं, हे खरं. पण या एका अंशानं उत्तरात दीड टक्काच फरक पडतो. ओलाव्याचे नऊ टक्के सोडून या दीड टक्क्यावर वाद घालणं म्हणजे व्याजासाठी मुद्दल विसरणं. कोणती चूक किती मोठी, हे आधी काढलं की पुढचे उपाय आपोआप सुचतात. धातूचे तुकडे थेट पाण्यात न उकळता कोरड्या परीक्षानळीत घालून ती नळी उकळत्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवायची, म्हणजे ओलाव्याचा प्रश्नच मिटतो. कॅलरीमापीऐवजी थर्माकोलचा पेला चालतो. तो स्वतः नगण्य उष्णता घेतो. पाणी खोलीपेक्षा तीन-चार अंश थंड घ्यावं, म्हणजे आधी बाहेरून आत आलेली उष्णता आणि नंतर आतून बाहेर गेलेली उष्णता बरीचशी एकमेकींना फेडतात. कोरड्या हवेत माठातलं पाणी असं आयतंच मिळतं. पावसाळ्यात दमट हवेमुळे माठ फारसा गार करत नाही, तेव्हा ही युक्ती लंगडी पडते.

एवढं करूनही दहा टक्क्यांची अनिश्चितता राहणार असेल तर प्रयोग कशाला, कोष्टक पाठ करणं काय वाईट? आक्षेप रास्त आहे. पण दहा टक्क्यांची ढिलाई सोसूनही टिकणारी एक गोष्ट या प्रयोगात दडलेली आहे. ॲल्युमिनियमच्या तारेचे तुकडे, लोखंडी खिळे, तांब्याची तार आणि मासेमारीच्या जाळ्याला लावतात त्या शिशाच्या गोळ्या घ्याव्यात (शिशाला हात लावल्यावर हात धुवावेत, आणि ते ३०० ग्रॅम तरी घ्यावं, नाहीतर तापमापी जेमतेम हलते). ग्रॅममागे पाहिलं तर ॲल्युमिनियम शिशाच्या सातपट उष्णता धरतं: ०.२१ विरुद्ध ०.०३१. जड धातूत जास्त उष्णता मावते ही समजूत इथंच गळून पडते. आता प्रत्येक आकड्याला त्या धातूच्या अणुभारानं गुणायचं. ॲल्युमिनियम २७ गुणिले ०.२१, म्हणजे ५.७. लोखंड ६.२, तांबं ५.९, शिसं ६.४. सातपटीचा फरक नाहीसा होऊन सगळे सहाच्या आसपास आले. ग्रॅममागची तफावत ही मुख्यतः एका ग्रॅममध्ये अणू किती, याची तफावत होती. अणूमागे वाटा जवळजवळ सारखाच. १८१९ साली फ्रान्समध्ये द्यूलाँग आणि पेती यांनी हे दाखवलं आणि त्यामुळे त्या काळी रूढ असलेले काही धातूंचे अणुभार दुरुस्त करावे लागले. वर्गातला आकडा दहा टक्के चुकला तरी सात आणि एक यांचा घोळ होत नाही, म्हणून हा निष्कर्ष थर्माकोलच्या पेल्यातूनही निघतो.

त्याच परीक्षानळीत ग्राफाइटचे तुकडे घातले तर मात्र गुणाकार सहाच्या जवळपासही जात नाही. ०.१७ गुणिले १२, म्हणजे दोन. तिपटीचा हा फरक ओलावा, पेला किंवा तापमापी यांतल्या कोणाच्याच माथी मारता येत नाही, कारण त्या तिघांच्या चुका किती असू शकतात हे आपण मोजून ठेवलेलं आहे. कार्बनचे अणू नेहमीच्या तापमानाला आपल्या वाट्याची पूर्ण उष्णता का घेत नाहीत, याचं उत्तर १९०७ साली आइन्स्टाइननं पुंजवादाच्या आधारानं दिलं, आणि त्यासाठी हिऱ्याची मोजमापं वापरली.