वेलीला आधार हवा, पण कोणता?



"माझा हातगुणच नाही बाई, माझ्याकडे वेल काही वर चढत नाही," असं आपल्यातल्या पुष्कळ जणी म्हणतात. रोप आणलेलं असतं, शेणखत घातलेलं असतं, शेजारी चांगला जाडजूड बांबूही रोवलेला असतो. तरी वेल बांबूच्या पायाशीच गुंता करून बसते. आणि शेजारणीच्या अंगणात तीच वेल पत्र्यापर्यंत पोचलेली दिसते. मैत्रिणींनो, यात हातगुणाचा काही संबंध नाही. प्रत्येक वेलीची आधार धरायची रीत वेगळी असते. ती रीत ओळखली नाही, तर मजबुतातला मजबूत बांबूसुद्धा तिच्या उपयोगाचा नसतो. आज आपण ही रीत कशी ओळखायची आणि घराभोवती वेलीला वळण कसं लावायचं, ते पाहू.

उदाहरणाला मोरवेल घेऊ. कुठे कुठे हिला रानजाईही म्हणतात. सह्याद्रीच्या रानात, घाटातल्या झाडाझुडपांवर पावसाळा सरता सरता पांढऱ्या फुलांची चादर पसरलेली दिसते, त्यात ही असते. रोपवाटिकेत क्लेमॅटिस नावाने मोठ्या जांभळ्या फुलांची वेल मिळते, ती हिचीच थंड हवेतली नातेवाईक. आपल्या उन्हाळ्यात तिचा निभाव लागणं कठीण, मोरवेल मात्र इथलीच. हिच्या फुलाला खऱ्या पाकळ्या नसतात. आपण ज्याला पाकळ्या समजतो ती निदलं असतात आणि मधे पुंकेसरांचा झुबका. फुलं सरली की बियांना पांढरी पिसासारखी शेपटी येते, तेव्हाही वेल शोभून दिसते.

आता ही चढते कशी? हिचं खोड दोरीसारखे पीळ घालत नाही. हिला काकडीसारखे तणावेही नसतात. ही चढते पानाच्या देठाने. देठाला काडी लागली की तो तिच्याभोवती वळतो, वेढा घालतो आणि पुढे टणक होतो. चार्ल्स डार्विन या शास्त्रज्ञाने 1865 साली वेलींच्या चढण्यावर एक मोठा निबंध लिहिला, त्यात देठाने चढणाऱ्या वेलींमध्ये याच कुळातल्या वेलींचा बारकाईने अभ्यास केलेला आहे. आता तुम्हीच सांगा, पानाचा देठ तो केवढा! त्याने मनगटाएवढ्या बांबूला वेढा कसा घालायचा? त्याला पेन्सिलीपेक्षा बारीकच आधार लागतो. सुतळी, तार, बांबूच्या चिरलेल्या कामट्या, मासेमारीच्या जुन्या जाळ्याचा तुकडा, यातलं काहीही चालेल. आणि शेतकऱ्याच्या घरी फुकटात मिळणारी उत्तम वस्तू म्हणजे तुरीच्या काड्या. त्यांना बारीक फांद्या असतात, त्यामुळे देठाला जागोजागी धरायला मिळतं. बांबू आधीच रोवलेला असेल तर उपटू नका. त्याच्यावर जाळी किंवा सुतळी गुंडाळा, काम होईल.

आता बाकीच्या वेली पाहू. गोकर्ण, गुळवेल, वाल या खोडानेच पीळ घालत चढतात. त्यांना उभी काठी किंवा ताणलेली दोरी हवी. आडव्या तारेवर त्या अडखळतात. कृष्णकमळ, कारलं, दोडका, तोंडली यांना तणावे असतात. तणाव्याने काडी धरली की तो स्प्रिंगसारखा वळतो, म्हणून वाऱ्याने वेल हलली तरी तुटत नाही. त्यांना जाळी किंवा मांडव चांगला. नागवेल आणि मिरवेल पेरांवरच्या मुळांनी चिकटतात. त्यांना खरखरीत सालीचं झाड हवं, म्हणून कोकणात मिरवेल माडा-पोफळीवर चढवतात. आणि जाई, जुई, बोगनवेल? या स्वतः काहीच घट्ट धरत नाहीत, नुसत्या रेलतात. बोगनवेलीचे काटे जरा अडकतात, एवढंच. यांना बांधावंच लागतं. वेल आणल्यावर आठवडाभर तिच्याकडे नीट पाहा. ती कशाने धरू बघते हे तीच दाखवते.

आता भिंतीकडे वळू. वेल थेट भिंतीवर सोडू नका. चौकट किंवा तारा भिंतीपासून चार बोटं तरी पुढे ठेवा. मधून हवा खेळली की पावसाळ्यात भिंत ओल धरत नाही, पानांवर बुरशी कमी येते आणि देठाला मागून वळायला जागा मिळते. सिमेंटच्या भिंतीत हुक बसवून फुटाफुटावर आडव्या जी. आय. तारा ताणा. मोरवेलीसाठी त्यांच्यामध्ये वीतभर अंतराने उभ्या सुतळ्या बांधा. भिंत मातीची असेल तर तिच्यात खिळे ठोकू नका. भिंतीच्या पुढे दोन खांब दीड-दोन हात खोल पुरा, बुडाला डांबर लावा आणि चौकट त्या खांबांवर उभी करा.

हे काम जूनच्या आत उरका, आणि आजच्या वेलीच्या नव्हे, तीन वर्षांनंतरच्या वेलीच्या वजनाचा विचार करून करा. पावसात भिजलेली वेल फार जड होते. त्यात वारा सुटला की सुतळीवर पेललेली चार वर्षांची वेल एका रात्रीत खाली येते आणि सोबत पत्र्याची पन्हळही ओढून आणते. घरात येणारी विजेची तार, मीटरची पेटी यांच्यापासून वेल कायम दूर ठेवा. शेंडा तिकडे निघाला तर लगेच वळवा. वेल तारेत गुंतलीच तर ओल्या हाताने, विळ्याने ओढायला जाऊ नका, वीज मंडळाच्या माणसालाच बोलवा.

लावताना खड्डा भिंतीला चिकटून घेऊ नका. तिथे बांधकामाचा चुना, विटांचे तुकडे असतात. वळचणीचं पाणी थेट बुंध्यावर पडलं तर माती वाहून जाते. हातभर अंतर सोडून हात-दीड हात खोल खड्डा घ्या आणि रोपाला तिरक्या काडीने भिंतीकडे वळवा. मोरवेलीच्या बाबतीत एवढं लक्षात ठेवा, शेंडा उन्हात आणि पाय सावलीत. बुंध्याशी पालापाचोळा पसरा, एखादा चपटा दगड ठेवा किंवा पुढे झेंडूची रांग लावा. मुळं गार राहतात. रोप मात्र रानातून उपटून आणू नका. बी गोळा करा, नाहीतर कोणाकडे वेल असेल तर तिची फांदी पावसाळ्यात मातीत दाबून ठेवा. मुळं फुटली की तोडून घ्या.

आता वळण लावण्याची खरी गोष्ट. वेलीला मोकळं सोडलं तर ती सरळ वर जाते. मग फुलं छपरावर आणि आपल्या डोळ्यांसमोर नुसती काटक्यांची जुडी. याचं कारण असं, की वरचा शेंडा खालच्या डोळ्यांना फुटू देत नाही. म्हणून रोप वीत-दीड वीत झालं की शेंडा खुडा. खालून दोन-चार फांद्या निघतील. त्या पंख्यासारख्या दोन्ही बाजूंना पसरवा आणि शक्य तितक्या आडव्या वळवा. आडव्या फांदीच्या पेरापेरातून फुटवे येतात आणि फुलं खालपासून वरपर्यंत मिळतात. मोरवेलीचा कोवळा शेंडा पेरापाशी पटकन मोडतो, म्हणून एकदम वाकवू नका. आज थोडा, चार दिवसांनी आणखी थोडा.

बांधायला जुन्या सुती साडीच्या पट्ट्यांसारखं दुसरं काही नाही. इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फास घ्या, गाठ आधाराच्या बाजूला ठेवा आणि आत एक बोट जाईल इतकं सैल सोडा. प्लॅस्टिकची दोरी किंवा बारीक तार खोड जाड झालं की त्यात रुतते आणि वरची वेल वाळते. दर पावसाळ्याआधी सगळ्या गाठी तपासा.

मोरवेलीची फुलं नव्या फुटव्यांवर येतात. त्यामुळे बी झडून गेल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये, जमिनीपासून दोन-तीन फूट ठेवून छाटायला घाबरू नका. छाटताना मात्र हातमोजे घाला किंवा पिशवी गुंडाळा, कारण हिच्या रसाने कातडीला खाज सुटते, फोडही येतात. लहान मुलं आणि शेळ्या या पाल्यापासून लांब ठेवा. जाई-जुईची छाटणीही थंडी संपता संपता करा.

भाड्याच्या घरात राहणाऱ्या मैत्रिणींनी भिंतीला हात लावायची गरज नाही. मोठ्या कुंडीत तुरीच्या काड्या रोवा, वर एकत्र बांधा, त्यावर गोकर्ण छान चढतो. पश्चिमेच्या भिंतीने घर तापत असेल तर तिथे मधुमालती लावा. दाट पानांची असते, दुपारचं ऊन अडवते. तिचा बुंधा आणि आसपासची जमीन मोकळी ठेवा, म्हणजे सरपटणाऱ्या जनावराची भीती उरत नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, गेल्या वर्षी न चढलेली वेल अंगणात असेल, तर उपटून टाकायच्या आधी एकदा तिच्याजवळ बसा. ती कशाने धरायला बघते आहे ते पाहा आणि तिच्या हाताला येईल असं काही द्या. बहुतेक वेळा तेवढंच राहिलेलं असतं.