माळवदाखालची झोप

गणपती विसर्जन करून गावं दमून झोपली होती. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. किल्लारी-सास्तूर परिसरात जमीन हादरली आणि साडेसात हजारांहून अधिक माणसं गेली. बहुतेकांचा जीव त्यांच्याच घराने घेतला, हे लिहिताना आजही हात अडखळतो.

कारण त्या घरावर माणसांचा जीव होता. दोन-अडीच फूट जाड दगडी भिंत, वर लाकडी तुळया आणि त्यावर मातीचा थर, असं आपलं माळवद. वैशाखात उन्हातून आत आलं की अंगाची काहिली थांबायची. पावसाळ्याआधी गळती थांबवायला वर नवी माती पडायची, जुनी मात्र कुणी उतरवत नसे. वर्षागणिक ओझं वाढत गेलं. भिंतही दिसायला भक्कम, पण खरी दोन पदरी: बाहेरचे दगड वेगळे, आतले वेगळे, मधे माती आणि गोटे. दोन्ही पदर बांधून ठेवणारा आरपार दगड क्वचितच. हादऱ्याने पदर सुटले आणि सगळी माती खाली आली.

मग पत्र्याची शेडं. दुपारी त्यांची भट्टी व्हायची, तेव्हा थंडगार भिंतीची आठवण यायची. रात्री त्याच भिंतीची भीती. ढिगाऱ्यातून निघालेला तवा, परात म्हणजे संसार होता.

पुढे ५२ गावं नव्या जागी वसली. मालकीच्या जमिनीप्रमाणे २५०, ४५० किंवा ७५० चौरस फुटांची घरं मिळाली. घरं मजबूत, पण ओसरी नाही. दार थेट रस्त्यावर, बाईमाणसाला घटकाभर टेकायला आडोसा नाही. लोकांनी मग आपल्या हाताने ओटे बांधले, चुली बाहेर नेल्या, लिंबं लावली. माझ्या मते ती घरं त्या दिवशी त्यांची झाली.

जिथे घरं दुरुस्त करायची होती, तिथे ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ संस्थेच्या साथीने गावातल्याच बाया ‘संवाद सहायक’ झाल्या. जन्मभर जी भिंत फक्त सारवली, तिच्या पोटात काय आहे हे त्या शिकल्या आणि शेजारणींना सांगू लागल्या.

या भागात माळवदं अजून आहेत. तुमचं असेल तर भिंतीला पोट आलंय का, ते आजच बघा. आणि यंदा नवी माती टाकण्याआधी जुनी उतरवा.