लाल शाईचे फूल

लहान मुलाला परकी भाषा बोलायला लावणे हे शिक्षकाच्या कसोटीचे काम होय. चुकलो तर शेजारचा हसेल, ही भीती मुलाच्या मनात घर करून बसलेली असते. त्यातून शिक्षक स्वतःच परदेशातून आलेला असला, तर अडचण दुप्पट होते. मुलांना त्याची भाषा येत नाही आणि त्याला मुलांची. अशा वर्गात रागावून काही साधत नाही. कारण मुलांना रागाचे कारण उमगत नाही, राग तेवढा कळतो. मग शिक्षकापाशी उरते ते हसरे तोंड, शाबासकी आणि एखादे छोटेसे बक्षीस. परंतु बक्षीस हे औषधासारखे आहे. त्याची मात्रा आणि वेळ ज्याला कळली, त्यालाच ते गुण देते.

या दृष्टीने जपानचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. त्या देशाने १९८७ साली परदेशी तरुणांना शाळांतून सहायक भाषा-शिक्षक म्हणून बोलावण्याची एक मोठी योजना सुरू केली. पहिल्या वर्षी अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या ४ देशांतून ८४८ तरुण आले. पुढे ही संख्या वर्षाला ५,००० च्या वर गेली. २०११ पासून प्राथमिक शाळेच्या पाचव्या व सहाव्या इयत्तेत परकीय भाषेचा परिचय सक्तीचा झाला. २०२० पासून तो तिसऱ्या इयत्तेपर्यंत खाली आला आणि वरच्या दोन इयत्तांत इंग्रजी हा रीतसर विषय बनला. त्यामुळे आठ-नऊ वर्षांच्या मुलांसमोर परदेशी शिक्षक उभा राहणे ही तेथे नित्याची गोष्ट झाली आहे.

बरोबरची खूण कोणती?

अशा नवख्या शिक्षकाला पहिला धडा मुलांच्या वहीतच मिळतो. आपल्याकडे बरोबर उत्तरापुढे आपण जी तिरकी खूण करतो, ती जपानी मुलाला चुकीची खूण वाटते. तेथे बरोबर उत्तराभोवती वर्तुळ काढतात. त्याला ‘मारु’ म्हणतात. मनापासून कौतुक करायचे असेल, तर लाल शाईने चक्राकार रेघ काढून तिच्याभोवती पाकळ्या काढतात. हे ‘हानामारु’, म्हणजे फुलाचे वर्तुळ. शिक्षकाने आनंदाने पान भरून तिरक्या खुणा केल्या आणि मूल हिरमुसले, तर दोष कोणाचाच नसतो. कौतुकालाही भाषा असते आणि ती त्या त्या मातीतूनच शिकावी लागते, एवढेच यावरून दिसते.

खाऊचेही तसेच. गोळ्या-चॉकलेटे वाटली की मुले वश होतात, अशी अनेकांची समजूत असते. जपानच्या बहुतेक प्राथमिक शाळांत मात्र घरून खाऊ आणण्यास मनाई असते आणि दुपारचे जेवण सगळा वर्ग एकत्र बसून घेतो. तेथे खाऊ वाटणारा पाहुणा वर्गशिक्षकाला संकटात टाकील. त्याऐवजी चित्रांचे स्टिकर आणि रबरी ठसे मुलांना अतिशय प्रिय असतात. त्या ठशांवर ‘छान केलेस’ अशी अक्षरे असतात, तशीच ‘आणखी प्रयत्न करू या’ अशीही. हा दुसरा ठसा विशेष मार्मिक आहे. त्यात उणीव दाखविलेली आहे, पण मुलाचा हात सोडलेला नाही.

ठशांची ही आवड शाळेबाहेरही दिसते. जपानमध्ये १९२८ साली नभोवाणीवरून व्यायामाचे पाठ सुरू झाले. उन्हाळ्याच्या सुटीत मुले सकाळी साडेसहाला गळ्यात कार्ड अडकवून मैदानावर जमत आणि हजेरीचा ठसा उमटवून घेत. काही वस्त्यांत ही प्रथा आजही आहे. तेथे ठसा मिळतो तो येण्याबद्दल. सर्वांत चपळ कोण, हे कोणी मोजत नाही. त्यामुळे अशक्त मुलाचे कार्डही भरते.

बक्षिसाची दुसरी बाजू

परंतु बक्षीस नेहमीच हितकर असते काय? १९७३ साली लेपर, ग्रीन व निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या शिशुशाळेत केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. चित्रे काढण्याची मूळचीच आवड असलेली मुले त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितले, की चित्र काढाल तर सोनेरी शिक्क्याचे प्रशस्तिपत्रक मिळेल. काहींना ते न सांगता नंतर दिले. काहींना काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी तेच रंग वर्गात पुन्हा मांडले, तेव्हा बक्षिसाचे वचन मिळालेली मुले चित्रांत इतरांच्या जवळजवळ निम्माच वेळ रमली. अनपेक्षित बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र टिकून राहिली.

कौतुकाच्या शब्दांचाही असाच प्रकार आहे. १९९८ साली म्यूलर व ड्वेक यांनी अमेरिकेतील पाचवीच्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. ‘तू हुशार आहेस’ अशी स्तुती ऐकलेली मुले पुढील अवघड उदाहरणांत अपयश येताच खचली. ‘तू कष्ट घेतलेस’ असे ज्यांना म्हटले, ती चिकाटीने झगडत राहिली.

परदेशी शिक्षकाच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच नाजूक होतो. वर सांगितलेल्या योजनेत नेमणूक एका वर्षाची असते आणि ती फार तर पाच वर्षांपर्यंत वाढते. म्हणजे हा शिक्षक जाणारच. तो गेल्यावर त्याचे स्टिकरही जातील. तेव्हा मुलाच्या मनात भाषेची गोडी उरेल, की स्टिकर संपले म्हणून बोलणेही संपेल? त्याच्या कामाची खरी परीक्षा येथे आहे.

मात्रा कशी असावी?

यातून काही साधे नियम निघतात. ज्या कामाला मूल बिचकते, तेथे आरंभी लहानसे बक्षीस द्यावे. जे ते आवडीने करते, तेथे आमिष दाखवू नये. बक्षीस पहिल्या क्रमांकाला बांधू नये. जो आज पहिल्यांदा उभा राहून एक वाक्य बोलला, त्याची चूक झाली तरी ठसा त्याचा. शक्य असेल तेथे सगळ्या वर्गाने मिळून एक तक्ता भरावा आणि तो भरला की सर्वांनी एखादा आवडता खेळ खेळावा. म्हणजे मागे पडणाऱ्या मुलाला शेजारी हसत नाहीत, त्याला मदत करतात. दिलेले बक्षीस रागाच्या भरात परत घेऊ नये. आणि दिवसेंदिवस वस्तू कमी होत जाऊन तिची जागा नेमक्या शब्दांनी घ्यावी. ‘छान’ एवढेच न म्हणता ‘आज तू प्रश्न नीट ऐकून मग उत्तर दिलेस’ असे म्हटले, तर काय जमले ते मुलाला कळते.

हे सारे आपल्या घरांनाही लागू आहे. नोकरी-व्यवसायानिमित्त परप्रांतांत राहणाऱ्या कुटुंबांत मुलाला शाळेत एक भाषा, अंगणात दुसरी आणि घरी तिसरी भाषा वापरावी लागते. मराठी वाचण्यासाठी पैसे देऊ केले, तर ते पैशांपुरतेच वाचील. पण त्याने अडखळत वाचलेली गोष्ट आजीने शेवटपर्यंत ऐकली आणि ‘पुढे काय झाले रे?’ असे विचारले, तर दुसऱ्या दिवशी ते पुस्तक स्वतः होऊन उघडण्याची आशा बाळगता येते.